ज्ञानदाचे बेडूक आणि आमचा हॉल

मला बेडूक आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. साप परवडला, तो निदान माणूस बघून पळतो. बेडूक बसून राहतो आणि आपल्यालाच वाट वाकडी करावी लागते. तरीही जयपुरातल्या मराठी मंडळींत मी आज बेडकांची जाणकार समजली जाते, लोक मला फोन करून आवाज ओळखायला सांगतात, आणि या सगळ्याला आमच्या शेजारची ज्ञानदा जबाबदार आहे.

ज्ञानदा म्हणजे वसंतराव खांबेट्यांची मुलगी. तिलक नगरात त्यांची आणि आमची भिंत एक. वसंतराव विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात अधिकारी होते. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी ठोकली, की हे जाऊन बघणार आणि खरोखर किती जळलं तेवढंच लिहिणार. तीन वर्षांच्या बदलीवर रत्नागिरीहून इथे आले आणि नंतर बढत्या नाकारत इथेच राहिले. त्यांच्या बायकोला, विभाला, इथली कोरडी हवा मानवली आणि वसंतरावांना आमचं स्नेहवर्धिनी मंडळ. बँका, विमा, केंद्र सरकारची खाती, लष्कर, अशा ठिकाणांहून बदलून आलेली आणि परत जायची राहिलेली माणसं या मंडळात आहेत. वसंतराव अध्यक्ष. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून कायमचे.

ज्ञानदा जन्मली, शिकली इथेच. त्यामुळे तिचं मराठी जरा लंगडत चालतं. लहानपणी भिंतीवरून डोकावून म्हणायची, "काकू, आईने तुम्हाला बोलवलंय. मतलब अर्जंट नाहीये, पण लवकर या." मंडळाच्या गणपतीत ती दर वर्षी एक कविता म्हणायला उभी राहायची, मध्येच विसरायची आणि "पुढचं येत नाही" असं सांगून खाली बसायची. बाकीची पोरं काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची, टाळ्या घ्यायची. हिला ते कधी साधलं नाही. विभाला लाज वाटायची. वसंतराव मात्र जोरात टाळ्या वाजवायचे.

पुढे तिनं प्राणिशास्त्र घेतलं आणि दोन हजार सातच्या सुमाराला विद्यापीठात संशोधनाला लागली. विषय बेडूक. वाढत्या शहरात कोणते बेडूक टिकलेत, ते कुठे अंडी घालतात आणि त्यातल्या कोणत्या जागा वाचवायला हव्यात, हे तिला शोधायचं होतं. स्थळं येत होती तेव्हाची ही गोष्ट. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की विभा "पर्यावरणात आहे" असं सांगून पटकन चिवड्याची बशी पुढे करायची. एका मुलाच्या आईनं, पर्यावरणात म्हणजे नक्की कुठे, असं खोदून विचारलं. ज्ञानदानं सांगितलं, "डबक्यात." ते स्थळ गेलं.

अडचण अशी होती, की शहर मोठं आणि ज्ञानदा एकटी. ती मला म्हणाली, "काकू, मी एका वेळी एकाच जागी उभी राहू शकते. बेडूक सगळीकडे एकदम ओरडतात." म्हणून तिच्या सरांनी सुचवलं, की साध्या माणसांना आवाज ओळखायला शिकव आणि त्यांच्याकडून नोंदी घे. परदेशात म्हणे असं करतात, त्याला नागरिक विज्ञान म्हणतात. यासाठी हवी होती रिकामा वेळ असलेली, सांगितलं तेवढंच करणारी आणि कागदावर सही करताना खूश होणारी माणसं. अशी माणसं जयपुरात एकाच ठिकाणी घाऊक मिळत होती.

खांबेट्यांच्या बैठकीच्या खोलीत शिकवणी झाली. ज्ञानदानं आधी सीडी लावली, ती अडकली, मग स्वतःच आवाज काढून दाखवले. मोठ्या बेडकाचा, पाण्यावरून टणाटण पळणाऱ्याचा, अंगठ्याएवढ्या बारक्याचा आणि भिंतीकडेला बसणाऱ्या खरबरीत भेकाचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी गाल फुगवून ओरडते आहे आणि समोर निवृत्त अधिकारी माना डोलावत वह्यांत उतरवून घेत आहेत, हे दृश्य बघून विभा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आमच्यातले साताऱ्याचे कॅप्टन संभाजीराव निकम, लष्करात शिपायापासून चढत कॅप्टन होऊन निवृत्त झालेले, त्यांनी "पोरी, त्यो मोठा पुन्ना एकदा" असं दोनदा म्हटलं. मला वाटतं त्यांना तो नुसताच आवडला होता.

नियम सोपे होते. आठवड्यातून एकदा दिवेलागणीला घराजवळच्या ठरलेल्या जागी थोडा वेळ गप्प उभं राहायचं, ऐकू येईल ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची. एकमेकांना विचारायचं नाही. आणि काहीच ऐकू आलं नाही तर "नाही" लिहायचं.

हा शेवटचा नियम कुणीही पाळला नाही. पहिल्या पावसाळ्यात ज्ञानदाकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांवरून जयपूर म्हणजे बेडकांचं माहेरघर ठरलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बेडूक. सिमेंटच्या गल्लीत बेडूक. कॅप्टनसाहेबांच्या घराजवळ पाणी म्हणाल तर गच्चीवरच्या टाकीत, पण तिथे सगळ्या जाती नांदत होत्या. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पोरगी बिचारी उन्हातान्हात चिठ्ठी न्यायला येणार, तिला काय रिकाम्या हातानं पाठवायचं? सवाष्ण दाराशी आली तर आपण तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाही. तसं ज्ञानदाला कुणी बेडकाशिवाय जाऊ दिलं नाही. मी स्वतः दर आठवड्याला दोन देत होते.

ती चिडली नाही. घरोघर गेली आणि प्रत्येकाच्या शेजारी उभी राहिली. आमच्या फाटकाशी आम्ही दोघी उभ्या होतो ते मला चांगलं आठवतं.

"काकू, ऐकलं काही?"

"काहीतरी वाटलं खरं."

"ती शर्माजींची पाण्याची मोटर आहे."

"मग काय लिहू?"

"नाही लिहा."

"अगं, बरं दिसतं का ते?"

"काकू, बेडूक नसणं ही पण खबर आहे ना. कुठून गेले ते समजलं, तरच कुठे वाचवायचे ते समजेल. तुम्ही प्रेमानं लिहिता, पण मग मी चुकीच्या जागी जाऊन बसते."

आणि खरंच, कुणीतरी प्रेमानं लिहिलेल्या बेडकासाठी ती आग्रा रस्त्यानं पार बस्सी गावापर्यंत बसनं गेली होती आणि ताप घेऊन परत आली होती. मला ओशाळल्यासारखं झालं. मी "नाही" लिहिलं, सही केली, आणि तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून चार लाडू बांधून दिले. हळूहळू सगळ्यांना नाही म्हणायची सवय लागली. सुरुवातीपासून बिनदिक्कत "नाही" लिहिणारा मंडळात एकच माणूस होता, वसंतराव. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, गोदामाला आग लागलेली नसली तर लागली असं कसं लिहायचं?"

आता हॉलचं सांगते. तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या मंडळाला स्वतःची जागा नव्हती. गणपती एका शाळेत बसायचा, तोही मुख्याध्यापकांचा मूड बघून. नाटकाच्या तालमी कुणाच्या तरी गच्चीवर. चैत्रातलं हळदीकुंकू, कोजागरी, शोकसभा, सगळं आमच्या घरी. मंडळाच्या सतरंज्या माझ्या पलंगाखाली आणि पातेली माझ्या माळ्यावर. माणसाला पाहुणे आवडावेत, पण पातेल्यांसकट किती दिवस? वसंतराव वर्षानुवर्षं सरकारी कचेरीत खेटे घालत होते. ऐन चाळिशीत सुरू केलेले खेटे निवृत्तीपर्यंत पुरले. त्यांनी मुंबईची बढती सोडली ती "हॉलचं एवढं मार्गी लागू दे" म्हणून. विभानं त्या बढतीबद्दल त्यांना पुरतं माफ केलेलं नाही. शेवटी दोन हजार आठच्या उन्हाळ्यात झोटवाड्याच्या पार टोकाला, छोट्या कारखान्यांच्या मागे, मंडळाला सवलतीत भूखंड मिळाला. वसंतरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. स्वतःच्या मुलीच्या जन्माला त्यांनी बर्फी वाटली होती, असं विभानं तेव्हा बोलून दाखवलं.

भूखंड मे महिन्यात ताब्यात आला. सपाट, कोरडा, जरासा खोलगट. जुलैत तो भरला.

कारखान्यांच्या मागच्या वस्तीतल्या लोकांनी तक्रार केली, की इथे वर्षानुवर्षं पावसाचं पाणी साचतं, तुम्ही भराव घातलात तर ते आमच्या घरात येईल. कचेरीनं मंडळाला कळवलं, की ही नैसर्गिक तलाई, म्हणजे छोटं तळं, नाही आणि इथे जीवजंतूंची पैदास होत नाही, असं विद्यापीठातल्या कुणा जाणकाराकडून लिहून आणा. त्याशिवाय बांधकामाची परवानगी मिळणार नाही, आणि मुदतीत बांधकाम सुरू झालं नाही तर भूखंड परत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आधी आमचे सेक्रेटरी विलास, बँकेतले, विद्यापीठात कुणाची ओळख निघते का ते शोधत फिरले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की जाणकार अध्यक्षांच्या घरातच आहे.

खांबेट्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही जमलो. विलास म्हणाले, "ज्ञानदा, दोनच ओळी लिहायच्यात."

"काका, न बघता कशी लिहू?"

"मग बघ की. नाही कोण म्हणतंय?"

"मी एकटीनं बघितलं तर सगळे म्हणतील, अध्यक्षांची मुलगी आहे. तुम्ही सगळे या. बाकी ठिकाणी करतो तशीच नोंद करू, आपापली." मग ती वसंतरावांकडे वळली. "बाबा, तिथे काही नसेल तर मी खुशीनं लिहून देईन. सगळ्यात आधी लिहीन."

"आणि असलं तर?" विभानं विचारलं.

वसंतराव पँटच्या गुडघ्यावरची सुरकुती सारखी करत होते. विभा चहा टाकते म्हणून उठली.

पाहणीच्या आधी मंडळाची सभा झाली आणि तिच्यात एक ठराव आला. विलासांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता: "सदर भूखंडावर बेडूक आढळत नाहीत, असे ही सभा सर्वानुमते ठरविते." सूचक कॅप्टन निकम, अनुमोदक आमचे हे. चर्चा झाली नाही. एका सभासदानं "बेडूक" ऐवजी "बेडूक वा तत्सम प्राणी" अशी दुरुस्ती सुचवली, ती मान्य झाली. अध्यक्षांना समसमान मतं पडल्याशिवाय मत नसतं, त्यामुळे वसंतरावांना मत द्यावं लागलं नाही. मीही हात वर केला. मला हॉल हवा होता, आणि अजून हवा आहे.

रविवारी सकाळी मिनीबस करून आम्ही झोटवाड्याला गेलो. दोन दिवस सणकून पाऊस झाला होता. बस थांबली, इंजिन बंद झालं, तरी आवाज बंद झाला नाही.

मी बेडकांची भलामण करणार नाही. पण जे होतं ते होतं. सगळा भूखंड पाण्यानं भरलेला आणि त्या पाण्यात तळहाताएवढे बेडूक, पिवळेधमक, हळद लागलेल्या नवरदेवांसारखे. गालांशी निळे फुगे फुगवून भर उजेडात ओरडत होते. पलीकडच्या कारखान्यात लोखंड कापायचं यंत्र चालू होतं, ते ऐकायला कान द्यावा लागत होता. ज्ञानदानं काहीतरी सूचना दिल्या. त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग तिनं खुणेनंच चिठ्ठ्या वाटल्या.

आम्ही काठाने ओळीनं उभे राहिलो. पस्तीस-पस्तीस वर्षं सरकारची, बँकेची, लष्कराची कागदपत्रं नजरेखालून घातलेली माणसं, हातात पेन्सिल घेऊन समोर बघत होती. विलासांनी तर बसमधून उतरायच्या आधीच लिहिलं होतं. मी पिवळ्याकडे बघत "नाही" लिहिलं. एक बेडूक माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर येऊन बसला, तसा बसून राहिला.

परतताना ज्ञानदा माझ्या शेजारी बसली होती. तिनं एकेक चिठ्ठी उलगडली. नाही. नाही. नाही. मध्ये वसंतरावांची आली. दाव्याच्या अहवालात लिहायचे तसल्या ठसठशीत अक्षरात "नाही", आणि खाली पूर्ण सही. त्या चिठ्ठीकडे तिनं बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बघितलं, मग ती नीट घडी घालून गठ्ठ्यात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. वसंतराव पुढच्या बाकावर होते. त्यांनी घरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मला त्या दिवशी वरण-भात गेला नाही, आणि भिंतीपलीकडेही कुणी जेवल्याचा आवाज आला नाही.

ज्ञानदानं अहवाल लिहिला. स्वतः जे पाहिलं, ऐकलं ते लिहिलं: ही पावसाळी तलाई आहे, इथे बेडूक अंडी घालतात, भराव घालू नये. इथवर मला अपेक्षितच होतं. प्रश्न आमच्या चिठ्ठ्यांचा होता. घेतलेल्या नोंदी नुसत्या लपवून ठेवता येत नाहीत म्हणे, बाद केल्या तर का केल्या ते लिहावं लागतं. आता समोर एवढा गोंगाट चालू असताना ज्यांनी "नाही" लिहिलं, ते लोक दोनच प्रकारचे असू शकतात. ज्ञानदानं त्यातला दुसरा प्रकार निवडला. तिनं लिहिलं, की निरीक्षकांचं वय पाहता त्यांची श्रवणशक्ती कमी झालेली असावी, म्हणून त्यांच्या नोंदी धरलेल्या नाहीत. कचेरीत देण्याआधी एक प्रत घेऊन ती स्वतः मंडळाच्या सभेला आली आणि मागच्या सतरंजीवर बसली.

सभा आमच्या घरी होती, हे सांगायला नकोच. विलासांनी अहवाल वाचला. तलाई आहे, बेडूक आहेत, भराव घालू नये, इथपर्यंत सगळे मूग गिळून बसले होते. मग श्रवणशक्तीचं वाक्य आलं.

कॅप्टन निकम ताडकन उठले. "म्या बहिरा? तोफखान्यात हयात काढली, अजून शेजारच्या घरात टाचणी पडली तर कळतंय मला! समदं ऐकलंय म्या! मोठा पिवळा व्हता, त्यो बारका क्यांव करणारा व्हता, आन् उजव्या अंगाला भेक व्हता, दोन तरी व्हते!"

"भेक डावीकडे होता," दुसरे एक निवृत्त अधिकारी म्हणाले. "मी स्पष्ट ऐकला. माझे कान गेल्याच महिन्यात तपासलेत."

मग जो तो उठला. पाण्यावरून टणाटण पळणारा कुणी ऐकला, कुणी तो किती वेळ ऐकला ते सांगितलं. आमचे हे, ज्यांना दारावरची बेल मी सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यांनीसुद्धा चारही जाती ऐकल्या. ज्ञानदानं शिकवलेलं एकही वाया गेलं नव्हतं. विलास सभेत कुणी काही बोललं की ते इतिवृत्तात लिहितात, बँकेची सवय. ते भराभर लिहीत होते. बरंच लिहून झाल्यावर आपण काय लिहितो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं पेन थांबलं. मग एकेक जण खाली बसला.

मागून ज्ञानदा म्हणाली, "काका, हे मला धरता नाही येणार. सभेतले बेडूक चालत नाहीत. तिथे उभं राहून लिहावं लागतं."

या सगळ्या गदारोळात एक माणूस आपल्या कानांची बाजू मांडायला उठला नव्हता. वसंतराव अध्यक्षांच्या खुर्चीवर खाली मान घालून बसले होते. सगळे पांगल्यावर मी त्यांना फाटकापाशी गाठलं. माझा स्वभाव असा, की मनात आलेलं पोटात ठेवता येत नाही. म्हटलं, "तुम्ही बरे गप्प बसलात. तुम्हालाही बहिरं केलं की तिनं."

ते म्हणाले, "वहिनी, ज्ञानदाची स्कूटी कोपऱ्यावर वळली की मला आतल्या खोलीत कळतं, आणि ते तिला माहीत आहे. मी खोटं लिहिलं, एवढंच तिनं लिहायचं होतं. ते तिला लिहवलं नाही, म्हणून तिनं खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्यासाठी."

मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि त्या पोरीसाठीही. मी म्हटलं, "हॉलसाठी केलंत हो."

"हो," ते म्हणाले. "उद्या सकाळी माझ्याबरोबर येता का? पाहणीला शेजारचा एक साक्षीदार लागतो."

सकाळी त्यांनी ज्ञानदाच्या टेबलावरची एक कोरी चिठ्ठी उचलली आणि आम्ही बसनं झोटवाड्याला गेलो. रात्री पुन्हा पाऊस पडून गेला होता आणि नवरदेव जागेवरच होते. वसंतरावांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, काठाने फिरू लागले आणि फिरता फिरता मला हॉल दाखवू लागले. इथून आत यायचं. ही चपलांची जागा. हे मुख्य सभागृह, खांब एकही नाही, म्हणजे मागच्यालाही दिसेल. इकडे स्वयंपाकघर, "तुमची पातेली इथे, वहिनी." पलीकडच्या टोकाला, गवत वाढलं होतं तिथे, रंगमंच. तिथे ते वाकले आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिले. मला वाटलं चष्मा पडला. मग ते ठरल्याप्रमाणे एका जागी गप्प उभे राहिले, ऐकलं, आणि चिठ्ठी माझ्या पाठीवर ठेवून लिहिली.

घरी आलो तेव्हा ज्ञानदा न्याहारीला बसली होती. वसंतरावांनी चिठ्ठी तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि ते उभेच राहिले. विभा कढई घेऊन दारात थांबली. ज्ञानदानं चिठ्ठी उलगडली आणि, तिला देवनागरी वाचायला जरा वेळ लागतो, म्हणून हळूहळू मोठ्यानं वाचली. चिठ्ठीत एक रकाना नेमक्या जागेचा असतो. झाडाजवळ, नळाजवळ, असं काहीतरी लोक लिहितात.

"मुख्य सभागृह: मोठे पिवळे, पुष्कळ. स्वयंपाकघर: बारक्या जातीचे, सलग आवाज. चपलांची जागा: भेक."

ती थांबली. "बाबा, हे..."

"नेमकी जागा लिहायची असते ना," वसंतराव म्हणाले. "मला ती अशीच माहीत आहे. आणि ते कानांचं वाक्य काढून टाक. माझी आधीची चिठ्ठी खोटी होती, असं लिही."

ज्ञानदानं मान हलवली आणि राहिलेली शेवटची ओळ वाचली. ती ऐकून विभानं कढई खाली ठेवली, आणि मी, मला बेडूक आवडत नाहीत तरी, भिंतीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावला.

"रंगमंच: अंडी. हलवू नयेत."